मिटलेली कात्री

१

बाबा गेल्यानंतरच्या आठवड्यात मी त्यांच्या टेबलाचा खण रिकामा करायला नगरपालिकेत गेले आणि तळमजल्यावरच्या दालनात शिरताच थबकले. कात्री मिटलेली होती.

कात्री म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. लोक घरपट्टी भरायला जिथे रांग लावतात त्या दालनात, पैसे भरायच्या खिडक्यांशेजारच्या भिंतीवर, काचेचं दार असलेली एक मोठी चौकट आहे. आत बुचाचा फळा. फळ्यावर टाचण्यांना गुंडाळून लोकरीचे दोन धागे ओढलेले. लाल धागा पालिका दर घरामागे किती खर्च करते त्याचा, निळा त्या घरांच्या उत्पन्नाचा. पहिल्या वर्षाचे दोन्ही आकडे शंभर धरलेले, म्हणून दोन्ही डावीकडच्या एकाच टाचणीपासून निघायचे. दर वर्षी एकेक टाचणी पुढे. लाल धागा भराभर चढायचा, निळा धापा टाकत. दुरून पाहिलं की उघडी कात्री दिसायची. रांगेतलं कोणी ना कोणी म्हणायचंच, "बघा, आपल्या खिशाला लागलीय ती हीच."

बाबा पालिकेचे सांख्यिकी अधिकारी होते. फळा त्यांनीच लावून घेतला होता, अर्ध्या सभागृहाचा विरोध पत्करून. अहवाल कोणी वाचत नाही, रांगेत उभा राहिलेला माणूस मात्र समोरची भिंत वाचतोच, असं ते म्हणायचे. गावात त्यांना त्यांच्या नावाने फारसं कोणी ओळखत नसे. ते 'कात्रीवाले'.

आता निळा धागा लाल धाग्याच्या अंगाला अंग घासत वर गेला होता. नव्याने लग्न झालेल्या जोडप्यासारखे दोघे एकमेकांना सोडायला तयार नव्हते. लाल धाग्याखाली चिठ्ठी होती, 'दर घरामागे पालिकेचा खर्च'. निळ्याखाली एकच शब्द, 'उत्पन्न'. आणि सगळ्यात खाली पितळी पट्टीवर बाबांचं नाव आणि हुद्दा.

शेजारी ताजं छापलेलं पत्रक लावलेलं: घरपट्टीतील वाढीचा प्रस्ताव, शुक्रवारी सर्वसाधारण सभेपुढे.

"म्हणजे आपली कमाई वाढली म्हणायची," रांगेतला एकजण मागच्याला म्हणाला. "मला मेल्याला पत्ताच नाही."

"कात्रीवाल्यांनीच मान्य केलंय म्हटल्यावर बोलायला जागा कुठे उरली?" मागचा म्हणाला. "शेवटी तेही त्यांच्यातलेच निघाले. जाता जाता विकले गेले."

मला खण रिकामा करायचा होता, ते मी विसरले. माझे वडील मेले होते आणि त्यांच्या नावावर कोणीतरी खोटं बोलत होतं. मेलेल्या माणसाला उलटून उत्तर देता येत नाही, हे त्या कोणाला तरी नीट ठाऊक होतं.

मी बाहेर येऊन आत्याला फोन केला.

२

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सगळी हयात लेखापरीक्षणात गेली. गावोगावच्या पालिकांचे हिशेब तपासायला जायची आणि तिथे चहासुद्धा स्वतःच्या पैशाने घ्यायची. खात्यात पाठीमागे तिला 'चाळणी' म्हणत. निवृत्त झाली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. आमच्या घरी आली की जेवणाआधी ताटाची मागची बाजू बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दालनात आली. बाबांच्या किल्ल्यांचा जुडगा मी घरून आणला होता.

"या चौकटीच्या किल्ल्या किती?" तिने दालनाच्या शिपायाला विचारलं.

"दोन, बाई. एक साहेबांकडे, एक लेखापालसाहेबांकडे. साहेब गेल्यापासून कुलपाला कोणी हात लावलेला मी तरी पाहिला नाही. पण मी काय, दिवसभर थोडाच इथे असतो?"

"नसता?"

"असतो. पण तसा नसतो."

"कळलं," आत्या म्हणाली. तिने कुलूप काढलं आणि चष्मा कपाळावर सरकवून नाक फळ्याला लागेल इतकी जवळ गेली. मग चौकटीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"फरशी बसवलीत वाटतं?"

"हो ना. कापायचं यंत्र इथेच मांडलं होतं. महिनाभर दालन बंद, लोक मागच्या दाराने पैसे भरत होते. साहेब गेले त्याच्या थोडं आधी काम संपलं. मग सगळं धुऊन काढलं आम्ही, दालन लोकांना उघडलं ते साहेब गेल्यावरच. ही चौकट कुलपात, म्हणून आतून राहिली." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "साहेबांना त्या महिन्यात बराच त्रास झाला, बाई. एक नर्सबाई येऊन काय वाट्टेल ते बोलून गेली. सगळ्यांच्या देखत. साहेब एक शब्द बोलले नाहीत."

आत्याने मान हलवली, पण डोळे फळ्यावरच होते. "इकडे ये," ती मला म्हणाली. "काय दिसतं?"

मला निळ्या धाग्याखाली बारीक बारीक भोकांची एक ओळ दिसली. जुन्या टाचण्यांच्या जागा. लाल धाग्याखाली एकही भोक नव्हतं.

"म्हणजे खर्चाला कोणी हात लावला नाही. फक्त उत्पन्न उचललं."

"बरोबर. आता निळ्याची चढण बघ. सरळ आहे का?"

नव्हती. एका वर्षी बसकण मारलेली, पुढे एकदम उडी, मग पुन्हा संथ.

"खोटारडा माणूस रेघ सुंदर काढतो," आत्या म्हणाली. "मी आयुष्यभर खोट्या पावत्या बघितल्या. सगळ्या अशा नीटनेटक्या, की बघताच संशय यावा. ही रेघ तशी नाही. ज्या वर्षी गिरणी बंद पडली त्या वर्षी ही खाली बसलीय, थोडीच, पण बसलीय. हे आकडे मनातले नाहीत. कुठलेतरी खरे आकडे आहेत."

"खऱ्या आकड्यांनी खोटं कसं बोलणार?"

"तुझ्या बापाची मुलगी ना तू? अगं, पक्कं खोटं बोलायला खरेच आकडे लागतात." तिने उजवीकडचं टोक बोटाने उचललं. तिथे जुन्या, उन्हाने विटलेल्या निळ्या धाग्याला नवा तुकडा गाठ मारून जोडला होता. धुळीने त्याचाही रंग मंद झाला होता, तरी फरक कळत होता. "चढ वाढला की धागा जास्त लागतो. अपुरा पडला, म्हणून जोड दिली."

चौकट बंद करताना तिने विचारलं, "बाबांचा निळा धागा कशाचा असायचा? घरांच्या सरासरी उत्पन्नाचा?"

"छे. सरासरीचा त्यांना तिटकारा होता. मधल्या घराचा. शहरातली सगळी घरं गरिबापासून श्रीमंतापर्यंत एका रांगेत उभी केली, की बरोबर मधोमध जे येईल त्या घराचा. बाकावर दहा हमाल बसले आहेत, त्यात एक कारखानदार येऊन टेकला, की सरासरीने सगळेच लखपती. पण चहाचे पैसे द्यायची वेळ आली की कळतं, असं म्हणायचे ते."

"आणि टेकडीवर नवे बंगले झालेत," आत्या सावकाश म्हणाली. "कारखानदार बाकावर येऊन बसलाय. कोणीतरी मधलं घर काढून तिथे सरासरी टाचलीय. आता सांग, या इमारतीत सरासरी काढून ठेवलेली असेल असं टेबल कोणाचं?"

मला एकच टेबल माहीत होतं. बाबांच्या टेबलाला लागून असलेलं.

३

पण आधी आम्हाला पालिकेच्या अध्यक्षांनीच बोलावून घेतलं. आम्ही चौकट उघडल्याची बातमी जिना चढून वर गेली होती.

अध्यक्षांच्या खोलीतल्या खुर्च्या इतक्या मऊ होत्या की माणूस बसला की भांडण विसरावा. त्यांनी स्वतः उठून मला पाणी दिलं.

"ताई, तुमचे वडील म्हणजे आमच्या डोळ्यांतलं कुसळ होते. स्पष्टच बोलतो. पण माणूस सोन्याचा. शेवटी शेवटी त्यांनाही पटलं, की शहर वाढवायचं तर हात आखडून चालत नाही."

"पटलं असं ते तुम्हाला म्हणाले?" आत्याने विचारलं.

"भिंतीवर लिहिलंय की, बाई."

"भिंतीवर कोणीही लिहितं. सार्वजनिक मुताऱ्यांत बघा."

अध्यक्ष मोकळेपणाने हसले. त्यांचं हसू मला खोटं वाटलं नाही, आणि तेच मला त्रास देऊन गेलं. "मी हात लावला नाही. मला धाग्याची गाठही मारता येत नाही, बायकोला विचारा. दालन उघडलं तेव्हा मीसुद्धा तोंडात बोट घातलं. पण आयतं ताटात पडलेलं मी परत का करू?" मग ते माझ्याकडे वळले. "शुक्रवारी सभेच्या सुरुवातीला शोकप्रस्ताव ठेवतोय. तुम्ही या. दोन शब्द बोला. त्यानंतर लगेच घरपट्टीचा विषय आहे. त्यांच्याच कामाला मान दिल्यासारखं होईल."

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "याने केलेलं नाही. याने केलं असतं तर निळा धागा लालच्याही वर नेला असता."

बाबांच्या शेजारच्या टेबलावर त्यांची मदतनीस बसायची. चाळिशीची, अबोल. कित्येक वर्षं हंगामी नेमणुकीवर. कायम करण्याचा तिचा अर्ज दर वर्षी 'विचाराधीन' असायचा. बाबा गेले तेव्हा ती घरी आली होती आणि आईजवळ थोडा वेळ बसून निघून गेली होती.

"सरासरी तुम्ही काढलीत?" आत्याने उभ्याउभ्याच विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे नाही. "हो."

"सगळ्या वर्षांची?"

"पहिल्या वर्षापासून."

"अर्जाचं काय झालं तुमच्या?"

तिचा चेहरा उतरला. "तुम्हाला तसं वाटणारच. कायम झाले मी. आदेश मागच्या आठवड्यात आला. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही, माझ्या मुलीची शपथ." तिने टेबलावरची पट्टी उगाच सरळ केली. "मला काढायला सांगितलं, मी काढली. पुढे त्याचं काय झालं ते मला दालन उघडलं तेव्हा कळलं."

"सांगितलं कोणी?"

ती उठली. "ताई, तुमच्या पाया पडते, हे मला विचारू नका. तुमच्यासाठीच म्हणते."

मला तिची कीव आली नाही, राग आला. माझ्यासाठी म्हणून माझ्या वडिलांच्या नावाला काळं फासणाऱ्याला ती पाठीशी घालत होती.

"दुसरी किल्ली," आत्या जिन्यावर म्हणाली. "लेखापाल."

४

मुख्य लेखापाल आणि बाबा एकाच वर्षी नोकरीला लागले आणि त्याच वर्षापासून भांडू लागले. घरी रात्रीच्या जेवणाला बाबांच्या तोंडी त्यांचं नाव नसेल असा दिवस विरळा. 'आमचं कुलूप आज काय म्हणालं माहितीये?' अशी सुरुवात. त्यांच्या तोंडातून माहिती काढणं अवघड, म्हणून कुलूप.

आणि शिपायाने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली होती. बाबा गेले त्याच्या आदल्या शुक्रवारी लेखापालांच्या खोलीत दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. दार बंद होतं, तरी आवाज दालनात आले होते.

"बसा," लेखापाल म्हणाले. खुर्ची एकच होती. आत्याने मला बसवलं.

"किल्ली तुमच्याकडे आहे," ती म्हणाली.

"आहे."

"आकडे तुम्हाला मिळू शकतात."

"मला काय मिळू शकत नाही?"

"आणि त्या फळ्यावर तुमचा पहिल्या दिवसापासून राग."

"फळ्यावर नाही. फळ्याच्या अर्थावर." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "तुमच्या भावाला वाटायचं, लाल धागा चढतो म्हणजे पालिका उधळी आहे. थोडी आहेच. पण सगळा चढ उधळपट्टीचा नाही. शिलाईचं यंत्र आलं, कापड स्वस्त झालं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलायला नर्सबाईला माझ्या आजीच्या काळात जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो. घाई केली तर माणसाचं हाड मोडेल. शाळा, झाडलोट, दवाखाना, सगळं असंच. बाहेर मजुरी वाढली की त्यांचीही वाढवावी लागते, काम मात्र तेवढंच होतं. पालिका अशीच कामं करते, जी लवकर उरकता येत नाहीत. लाल धागा चढणारच. मी त्याला हे हजारदा सांगितलं."

"आणि तो काय म्हणायचा?"

"म्हणायचा, असेलही. पण ज्याने भरायचं त्या मधल्या घराची ऐपत चढत नसेल, तर तुझं कारण त्याच्या काय कामाचं?" लेखापालांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. "याला माझ्याकडे अजून उत्तर नाही."

"शुक्रवारी कशावरून भांडलात?" मी विचारलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी तुमच्या वडिलांशी आयुष्यभर भांडलो, बाळ. त्यांच्या मुलीशी भांडणार नाही. तुमच्या आत्याबाई हुशार आहेत. त्यांना म्हणावं, टाचण्या बघून झाल्या असतील तर चिठ्ठी बघा."

५

जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामं होतं. आत्याने चौकट पुन्हा उघडली आणि निळ्या धाग्याखालची चिठ्ठी अलगद काढून हातात घेतली.

'उत्पन्न'. बाबांचंच अक्षर.

"आधी यावर काय होतं?"

"'मधल्या घराचं उत्पन्न'," मी म्हणाले. बोलता बोलताच मला दिसलं. चिठ्ठीची डावी कड लालखालच्या चिठ्ठीसारखी कारखान्यात कापलेली नव्हती. कोणीतरी पहिले दोन शब्द कात्रीने कापून टाकले होते.

आत्याने चिठ्ठी माझ्या हातात दिली. मग नव्या निळ्या तुकड्यावरून तिने नख ओढलं. नखात पांढरी भुकटी जमली. ती तिने मला दाखवली.

"फरशीची धूळ," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "नव्या तुकड्यावरसुद्धा. म्हणजे फरशी कापणं चालू होतं तेव्हाच हा धागा इथे होता. तो गेल्यावर कोणी केलेलं नाही हे. तो जिवंत असताना झालंय. रोज या दालनातून वर जायचा तो. दुसऱ्या कोणी हात लावला असता तर त्याच दिवशी त्याने इमारत डोक्यावर घेतली असती."

"कदाचित त्यांचं लक्ष गेलं नसेल."

"तुझ्या बापाचं? या फळ्याकडे?"

मी पुन्हा त्या गाठीकडे बघितलं.

"आणि ही चिठ्ठी," आत्या म्हणाली. "मी सकाळपासून तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. अगं, चोर चिठ्ठी कापत नाही. चोर म्हणतो, 'मधल्या घराचं' लिहिलंय ना, राहू दे, उलट बरंच. जो खोटा धागा ओढतो, पण त्याखाली खोटे शब्द ठेवायला ज्याचा हात धजत नाही, तोच चिठ्ठी कापतो. असा माणूस या इमारतीत एकच होता. लहानपणी आईने त्याच्याकरवी शेजारणीला 'आई घरी नाही' असा निरोप पाठवला, तर दारात जाऊन म्हणाला, 'आईने सांगितलंय.' पुढचं वाक्य गिळून टाकलं." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "माझ्या भावाने केलंय हे, पोरी."

मागे पावलं वाजली. लेखापाल जिना उतरून आले होते.

"मी त्याला म्हणत होतो, कात्री पुन्हा उघड," ते म्हणाले. "शुक्रवारी. तेच भांडण. वीस वर्षं आम्ही त्या धाग्यांचा अर्थ काय यावर भांडलो. धागे काय आहेत यावर कधीच नाही. मी म्हटलं, तू असं करशील तर मी भांडू कोणाशी?"

"ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, वाढ मंजूर झाली की घरभेटीच्या नर्सबाया परत येतील. मी त्याला सांगितलं, अरे वेड्या, ती वाढ आधीच नव्या इमारतीच्या कर्जाला बांधलेली आहे. नर्सबायांपर्यंत छदामही जाणार नाही. तो खाली बसला. मग म्हणाला, बघतो." लेखापालांनी चौकटीचं दार लावायला हात पुढे केला. "रविवारी गेला. 'बघतो' म्हणजे काय होतं, ते मला नाही सांगता येणार."

६

कोणत्या नर्सबाया, हे विचारायला मला कुठेच जावं लागलं नाही. घरी आई विणत बसली होती. तिच्या टोपलीत निळ्या लोकरीचा गुंडा होता. आत्या त्या गुंड्याकडे बघत राहिली, आणि आईने तिला बघताना बघितलं.

"तुम्ही दोघी सगळ्या गावाला विचारत फिरलात, वन्सं," आई म्हणाली. "मला कोणी विचारलं?"

आत्या तिच्यासमोर खाली जमिनीवर बसली. मी कधी तिला जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"विचारते आता."

आईने सुया बाजूला ठेवल्या. "गेल्या वर्षी कात्रीवरून सभेत बोंब झाली आठवतंय? खर्च कमी करा, खर्च कमी करा. यांना केवढा आनंद. म्हणाले, शेवटी भिंत वाचली लोकांनी. मग सभासदांनी खर्च कमी केला. कुठला? त्यांच्या गाड्यांचा नाही. घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या माणसांना बघणाऱ्या नर्सबाया निम्म्या केल्या. अंथरुणावरचा माणूस मोर्चा थोडाच काढतो." ती माझ्याकडे वळली. "तुझे शाळेचे फ्रॉक शिवायची ना, ती शिवणवाली, अंथरुणाला खिळली होती. तिच्याकडे नर्स रोज यायची, ती आठवड्याने येऊ लागली. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. गेली बिचारी. तिच्याकडे जाणारी नर्स पालिकेत येऊन यांना म्हणाली, तुमच्या दोऱ्यांनी माणूस मेलं. घरी आले ते बूट न काढता इथे बसले."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? लोकर मागायला आले, मी म्हटलं, एवढी कशाला? म्हणाले, लागेल. मी दिली. नवरा चुकतोय हे कळत होतं मला. पण तो झोपत नव्हता, गं. झोपला असता तर मी त्याला आणखी दहा गुंडे दिले असते."

मदतनीस बाई माझ्यासाठी का गप्प राहिली, ते मला आत्ता कळलं.

"शुक्रवारी दोन शब्द बोलायचेत तुला," आत्या म्हणाली. "हवं तर नाही म्हण. बापाचं नाव राखायला निघाली होतीस तू. गप्प राहिलीस तर विकला गेला म्हणतील. बोललीस तर खोटं बोलला म्हणतील. मी हिशेब तपासते, निकाल देत नाही."

"आणि घरपट्टी वाढेल," मी म्हणाले.

"वाढेल. मधल्या घरावर. आणि नर्सबाया यायच्या नाहीतच."

आईने सुया पुन्हा हातात घेतल्या.

७

सभागृहात वरच्या सज्जात लोक दाटीवाटीने बसले होते. आई आणि आत्या पहिल्या ओळीत होत्या. त्यांच्यामागे गणवेशातल्या तीन-चार नर्सबाया. त्यांतली कोणती ती, हे मला विचारावं लागलं नाही. ती एकटीच माझ्याकडे बघत होती.

अध्यक्षांनी शोकप्रस्ताव वाचला. कर्तव्यदक्ष, निःस्पृह, सत्यनिष्ठ. मग माझ्यासमोर ध्वनिक्षेपक सरकवला.

मी लिहून काहीच आणलं नव्हतं.

"खालच्या दालनातली कात्री मिटलेली नाही," मी म्हणाले. "ती उघडीच आहे, मागच्या वर्षीपेक्षा थोडी जास्त. निळा धागा तुमच्यापैकी बहुतेकांच्या घराचा नाही. टेकडीवरचे बंगले मिळवून काढलेल्या सरासरीचा आहे. तो बदलला माझ्या वडिलांनी. दुसऱ्या कोणीही नाही."

सज्जातून कोणीतरी ओरडलं, "किती घेतले?"

"काहीच नाही. घेतले असते तर मला आज बोलणं सोपं गेलं असतं." मी थांबले नाही. "त्यांनी वीस वर्षं तुम्हाला खरं दाखवलं. गेल्या वर्षी तुम्ही ते वाचलंत आणि या सभागृहाने कात्री चालवली. जिथे प्रतिकार नव्हता तिथे चालवली. एक बाई त्यात मेली. त्यांना वाटलं, आपण दाखवलं नसतं तर ती वाचली असती. म्हणून त्यांनी दाखवणं बंद केलं. ती त्यांची चूक होती. घराच्या ऐपतीपेक्षा खर्च किती वाढला हे लपवून तो कुठे कमी करायचा हे शहाणपण येत नाही. तुम्ही आज वाढ मंजूर करणार असाल तर करा, पण त्या फळ्याच्या भरवशावर नको. आणि नामंजूर करणार असाल, तर या वेळी काय कापणार ते आधी सांगा, नावानिशी. त्या माणसांना इथे बोलावून सांगा."

मी ध्वनिक्षेपक परत सरकवला.

अध्यक्ष समोरचे कागद चाळू लागले. एक सभासद उठून म्हणाला, विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवा. दुसरा म्हणाला, चौकशी करा. तिसऱ्याने कर्जाचं विचारलं, कोणत्या इमारतीचं कर्ज, आणि गोंधळ सुरू झाला. खाली अधिकाऱ्यांच्या बाकावर लेखापालांनी समोरची फाइल उघडली आणि उत्तर द्यायला हात वर केला. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही; त्यांनी हात खाली घेतला नाही.

घंटा वाजवून वाजवून अध्यक्षांनी घरपट्टी तहकूब केली आणि घाईने म्हणाले, "पुढचा विषय."

"शोकप्रस्ताव राहिला," सज्जातून आत्याचा आवाज आला. "मांडलात, संमत केला नाहीत. कामकाज अपुरं ठेवता येत नाही, अध्यक्षमहाराज. मी असल्या गोष्टींवर शेरे मारलेत."

शोकप्रस्ताव उभं राहून संमत करतात. आता सगळ्यांनी नुकतंच ऐकलं होतं, की ज्याच्यासाठी उभं राहायचं तो त्यांच्याशी खोटं बोलला होता. सभासद एकमेकांकडे बघू लागले. अध्यक्षांनी कागद उचलला. 'सत्यनिष्ठ' या शब्दावर त्यांचं बोट अडल्यासारखं मला वाटलं. तो शब्द त्यांनी खोडला नाही आणि वाचलाही नाही.

"दिवंगत अधिकाऱ्यांना श्रद्धांजली," ते म्हणाले. "ज्यांना उभं राहायचं असेल त्यांनी."

लेखापाल हात वर ठेवूनच उठले. मग आई. मग इकडे एक, तिकडे दोन. खुर्च्या करकरत राहिल्या. ती नर्सबाई उठली नाही. हाताची घडी घालून ती तशीच माझ्याकडे बघत बसून राहिली, आणि तिला उठायला सांगण्याचा हक्क तिथे कोणालाच नव्हता, मला तर नव्हताच.

मी उभी होते. किती जण उठले, ते मी मोजलं नाही.